बाटलीच्या तळाची रेघ

नदीकाठच्या एका गावात हिंदुराव नावाचे एक गाडीवाले राहत. त्यांची पंचवीस माणसं बसतील अशी एक जुनी बस होती. वर्षातून दोनदा गावची माणसं घेऊन ते यात्रेला निघत. काशी झाली, द्वारका झाली, रामेश्वर झालं. तीस वर्षांत त्यांनी एकाही माणसाला अर्ध्या वाटेत सोडलं नव्हतं. सगळा गाव त्यांना तात्या म्हणे.

तात्यांची एक रीत होती. डिझेल भरताना पहिले दोन थेंब ते तळहातावर घेत, बोटाने चोळत आणि नाकाशी धरत. वास पटला की तेच बोट स्टिअरिंगला लावत आणि म्हणत, "चला." एकदा बोट लागलं की त्या डिझेलबद्दल कुणी काही बोलायचं नाही, असा गाडीतला नियम होता. नियमाला कारणही होतं. दोन वेळा तात्यांनी नुसत्या वासावरून मान हलवली होती आणि पुढच्या पंपावर गेले होते. मागाहून कळलं, त्या दोन्ही ठिकाणी डिझेलात रॉकेल मिसळलेलं होतं. तेव्हापासून तात्यांच्या नाकाचं गावात नाव झालं होतं.

तात्यांची एक पुतणी होती, संयोगिता. तिने मोटारगाड्यांचा तीन वर्षांचा डिप्लोमा केला होता. पोरगी गाडीखाली शिरून हात काळे करणार, हे ऐकून घरातल्या सगळ्यांनी नाकं मुरडली होती. एकटे तात्या तिच्या बाजूने उभे राहिले. कॉलेजची पहिली फी त्यांनी भरली. बस चालवायला त्यांनीच शिकवलं आणि मोठ्या गाडीचं लायसन्स काढायला तेच सोबत गेले. संयोगिता हे कधी विसरली नाही. पुढे जे घडलं, त्याला हे न विसरणंही थोडं कारण झालं.

त्या वर्षी तात्यांनी सीमेपलीकडच्या देशातली यात्रा ठरवली. तिथे खूप उंचावर एक देऊळ होतं. वीस माणसं तयार झाली. संयोगिता दुसरी ड्रायव्हर म्हणून निघाली. सगळ्यांत पुढच्या सीटवर हौसाक्का बसल्या. हौसाक्कांनी गावच्या शाळेत बावीस वर्षं मुलांची खिचडी शिजवली होती. चुलीच्या धुराने त्यांची छाती अधू झाली होती. निघण्याआधी डॉक्टरांनी संयोगिताला बाजूला घेऊन बजावलं होतं, "यांना वर थांबू द्यायचं नाही. चढायचं, दर्शन घ्यायचं आणि लगेच उतरायचं." संयोगिता हो म्हणाली होती. हौसाक्कांना मात्र डॉक्टरांची फिकीर नव्हती. त्या म्हणायच्या, "एवढा जन्म चुलीकडं बघण्यात गेला. एकदा देवाकडं बघते, मग बघू."

सहा दिवसांनी बस सीमा ओलांडून डोंगरात शिरली. सातव्या दिवशी सकाळी ते शेवटच्या बाजारात पोहोचले. एक दवाखाना, दहा-बारा दुकानं, एवढाच तो बाजार. तिथून पुढे नुसता चढ होता आणि चढाच्या टोकाला देऊळ. देऊळ दुपारी बंद होत असे.

बाजारात पंप नव्हता. एका बाईच्या दुकानाबाहेर डिझेलचे ड्रम उभे होते. त्याच सकाळी ते जीपमधून खालून वर आले होते. शेजारी चार ट्रक थांबले होते. त्यांचे ड्रायव्हर उन्हात बसून चहा पीत होते. कुणालाच घाई दिसत नव्हती.

दुकानाच्या बाईने मोडक्यातोडक्या हिंदीत तात्यांना सांगितलं, की ड्रम आताच रस्त्याने हिंदकळत आले आहेत, त्यांना दुपारपर्यंत बसू द्या, मग वरचं वरचं काढून देते. ते चौघेही त्यासाठीच थांबले आहेत. तात्यांनी त्या चौघांकडे पाहिलं. आपल्याकडे रिकामटेकड्यांकडे पाहतात तसं पाहिलं.

"डिझेल आहे का ताक?" ते म्हणाले. "बसू द्यायला."

बसमधली माणसं हसली. तात्यांनी बाईला ड्रम उघडायला लावला. दोन थेंब हातावर घेतले, चोळले, हुंगले. रॉकेलचा मागमूस नव्हता. बोट स्टिअरिंगला लागलं. डबा भरभरून डिझेल नरसाळ्यातून टाकीत जाऊ लागलं.

संयोगिता त्या चौघांकडे बघत होती. रोज या रस्त्याने जाणारी माणसं उगाच अर्धा दिवस घालवणार नाहीत, असं तिला वाटत होतं. तिने पिशवीतली काचेची बाटली काढली. शेवटच्या डब्यातलं डिझेल तिच्यात घेतलं आणि बाटली बसच्या पायरीवर ठेवून दिली. आतून कुणीतरी म्हणालं, "पोरीनं सरबत निवायला ठेवलंय." पुन्हा हशा झाला.

दहा मिनिटांत बाटली बोलू लागली. वरचं डिझेल गढूळ होतं ते हळूहळू निवळलं. तळाशी दोन बोटं जाडीचा वेगळाच थर जमला. दोहोंच्या मध्ये एक स्वच्छ रेघ होती. ते पाणी होतं. ड्रम पावसात उघडे राहिले असतील, किंवा थंडीने आतून घामेजले असतील. तात्यांचं नाक रॉकेल ओळखायचं. पाण्याला वासच नसतो.

संयोगिताने बाटली उचलली आणि तात्यांजवळ गेली. शक्य तेवढ्या हळू आवाजात म्हणाली, "तात्या, पाणी आहे."

तात्यांनी बाटलीकडे पाहिलं. मग खिडक्यांतून डोकावणाऱ्या वीस तोंडांकडे पाहिलं.

"तू तीन वर्षं पुस्तकं वाचलीस," ते म्हणाले. "मी तीस वर्षं गाडी चालवली. ती बाटली ठेव आणि गाडीत बस."

ते सगळ्यांना ऐकू गेलं. संयोगिताचे कान तापले. टाकीच्या तळाला एक नट असतो. तो सैल केला की खाली बसलेलं पाणी आधी बाहेर पडतं. पंधरा मिनिटांचं काम होतं. पाना तिच्या पिशवीत होता. गाडी पुढे नेऊ देणार नाही, एवढंच तिला म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले. तेवढ्यात तिला कॉलेजची पहिली फी आठवली, लायसन्सच्या रांगेत आपल्यामागे उभे राहिलेले तात्या आठवले. आणि ती काही बोलली नाही. बाटली तिने रस्त्याच्या कडेला ओतली आणि गाडीत बसली.

गप्प बसण्याला आपल्याकडे फार सुंदर नावं आहेत. मर्यादा म्हणतात, संस्कार म्हणतात, वळण म्हणतात. मागच्या सीटवरच्या एका बाईंनी तर संयोगिताच्या पाठीवर हात फिरवला. म्हणाल्या, "शहाणी आहेस हो." त्या शाबासकीने तिला थोडं बरंही वाटलं. तेच वाईट झालं.

चढ सुरू झाला. पहिली काही वळणं बस नेहमीसारखी चढली. मग एका वळणावर तिने झटका खाल्ला. तात्यांनी गिअर खाली आणला. पुन्हा झटका बसला. मागून पांढरा धूर निघू लागला. सतराव्या वळणावर इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

वळणावर रस्ता रुंद होता. तिथून देवळाचा झेंडा दिसत होता. माणसांनी हात जोडले. तात्यांनी स्टार्टर मारला. मग पुन्हा मारला. इंजिन नुसतं गरगरलं, पेटलं नाही. वारा बर्फावरून येत होता आणि बसच्या फटींतून आत शिरत होता.

संयोगिताने आधी हौसाक्कांकडे पाहिलं. त्या सीटचा दांडा धरून पुढे वाकल्या होत्या. त्यांच्या प्रत्येक श्वासाला आवाज येत होता. ओठ निळसर पडू लागले होते. वर थांबायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि बस थांबली होती.

फोन लागत नव्हता. दोन तरुण बाप्ये पायी खाली निघाले, पण दवाखाना नऊ किलोमीटरवर होता. रस्त्याने दुसरी गाडी येईल म्हणून सगळे वाट पाहू लागले. गाडी येत नव्हती. येणार कुठून? ते चार ट्रक अजून खाली थांबलेले होते. त्यांचं डिझेल अजून बसत होतं.

तात्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज उतरला नव्हता. ते म्हणाले, "खाली जायला इंजिन कशाला लागतंय? चार जण उतरून ढकला, तोंड वळवू. मग उतारावर सोडतो. अर्ध्या तासात दवाखान्याच्या दारात."

सगळ्यांना ते पटलं. कुणालाही पटावं असंच ते होतं. माणसं भराभर उतरली. संयोगिता मात्र हौसाक्कांपाशीच होती. तिने त्यांना टेकवून बसवलं, गळ्याभोवतीची शाल सैल केली, खिडकी उघडली. हौसाक्कांनी तिचं मनगट धरलं. एकेक शब्द सुटा करून त्यांनी विचारलं, "सकाळी बाटलीत काय दिसलं होतं तुला?"

संयोगिता म्हणाली, "पाणी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले. तात्या नको म्हणाले. ते मोठे आहेत, म्हणून मी पुढे काही..."

हौसाक्का श्वास गोळा करीत थांबल्या. मग म्हणाल्या, "मीपण मोठीच आहे की गं. माझ्यासाठी बोलायचंस."

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर ते सोपं गेलं असतं. संयोगिता उठली आणि खाली उतरली. रस्त्याच्या कडेचे दोन मोठे दगड तिने ओढत आणले आणि चाकांना लावले. मग ती बसच्या समोर उभी राहिली. माणसं ढकलायला हात लावून तयार होती.

"तात्या, गाडी उतारावर सोडायची नाही," ती म्हणाली. या वेळी आवाज हळू नव्हता. "ब्रेक हवेवर चालतात. इंजिन बंद, म्हणजे नवी हवा भरत नाही. हवेच्या टाकीत आहे तेवढी चार-पाच वेळा ब्रेक दाबायला पुरेल. खाली सतरा वळणं आहेत."

"मला ब्रेक शिकवतेस?"

"तुम्हीच शिकवलेत मला. म्हणून सांगते. आज तुम्ही चुकताय."

मग एक गृहस्थ पुढे आले आणि तिला समजावू लागले, की मोठ्या माणसाशी हे असं बोलणं बरं नव्हे, इथे एक बाई तडफडते आहे आणि तुला वाद सुचतो आहे. आणखी दोघांनी माना डोलावल्या. एकाने दगड काढायला हात घातला. संयोगिताने दगडावर पाय ठेवला.

खिडकीतून आवाज आला. बारीक होता, पण सगळ्यांनी ऐकला.

"माझ्याच जिवाबद्दल बोलतेय ती," हौसाक्का म्हणाल्या. "बोलू द्या तिला."

दगडाकडचा हात मागे गेला.

संयोगिताने सगळ्यांकडे अर्धा तास मागितला. हौसाक्कांपाशी कुणी बसायचं, त्यांना आडवं होऊ द्यायचं नाही, थर्मासमधलं कोमट पाणी घोट घोट द्यायचं, हे तिने नेमून दिलं. मग बादली घेऊन बसखाली सरकली. खालची जमीन बर्फासारखी गार होती. टाकीच्या तळाचा नट तिने सैल केला. पाणी आलं. येतच राहिलं. स्वच्छ, पिण्याच्या पाण्यासारखं दिसणारं पाणी बादलीत पडू लागलं. बादली निम्मी भरली तेव्हा कुठे डिझेलची पिवळी धार लागली.

तिने बादली बाहेर सरकवली. माणसं भोवती गोळा झाली. सरबताचा विनोद करणारा माणूसही तिथेच होता. तो बादलीकडे न बघता डोंगराकडे बघत होता.

पुढचं काम वेळखाऊ होतं. डिझेलचा फिल्टर पाण्याने भरला होता. तिने घरून आणलेला नवा बसवला. आता नळीत शिरलेली हवा काढायची होती. त्यासाठी एकाने हातपंप मारत राहायचं आणि दुसऱ्याने स्क्रू सैल करून हवेचे बुडबुडे संपेपर्यंत बघायचं. ती एकटी दोन्ही करू पाहत होती. थंडीने तिची बोटं वळत नव्हती. पाना दोनदा हातातून पडला.

तिसऱ्यांदा पडला तेव्हा दुसऱ्याच हाताने तो उचलला. तात्या गुडघ्यांवर बसले होते.

"पंप मी मारतो," ते म्हणाले. "तू स्क्रू बघ."

ते पंप मारत राहिले. ती सांगेल तेव्हा थांबले, सांगेल तेव्हा पुन्हा सुरू झाले. बुडबुडे आले, मग फेस आला, मग नुसतं डिझेल आलं. संयोगिताने स्क्रू आवळला आणि चावी फिरवली. दोनदा ते पेटलं नाही, तिसऱ्यांदा इंजिन पेटलं. आवाज पूर्वीचा नव्हता. आत काहीतरी खडखडत होतं. पण ते चालू होतं आणि ब्रेकच्या हवेचा काटा वर चढत होता.

स्टिअरिंगवर कोण बसणार, हे कुणी विचारलं नाही. तात्या दाराजवळच्या सीटवर जाऊन बसले. संयोगिताने बस वळवली आणि पहिल्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर धरत धरत सतरा वळणं उतरवली. वाटेत पायी निघालेल्या त्या दोघांना आत घेतलं. पुढे खालून ते चार ट्रक वर येताना दिसले. बसची घाई ओळखून चौघांनीही गाड्या कडेला घेतल्या. त्यांची इंजिनं एका लयीत चालली होती.

दवाखान्यात हौसाक्कांना ऑक्सिजन लावला. संध्याकाळी त्यांच्या ओठांचा रंग परतला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की बाई वाचल्या, पण एवढ्या उंचीवर त्यांना पुन्हा कधीच आणू नका. पुन्हा म्हणजे उद्याही नाही आणि पुढल्या वर्षीही नाही. बसचंही तेच झालं. पाण्याने तिच्या इंजिनात डिझेल फवारणारे नोझल आणि पंप खाल्ले होते. आता ती सपाट रस्त्याने रखडत घरी जाऊ शकणार होती, चढ चढू शकणार नव्हती. झेंडा दिसेपर्यंत आलेली वीस माणसं दर्शन न घेता परत जाणार होती.

दवाखान्याच्या भिंतीला शेवटचं ऊन होतं. संयोगिता तिथे पाठ टेकून बसली होती. तात्या येऊन शेजारी बसले. तीस वर्षांत अर्ध्या वाटेत कुणाला सोडलं नाही, असं आता त्यांना म्हणता येणार नव्हतं. ती त्यांची समजूत घालणार नव्हती. समजूत घालण्याजोगं तिला काही सापडत नव्हतं.

तात्या म्हणाले, "ती रेघ मला दिसली होती."

संयोगिताने मान वळवली.

"तू बाटली पुढं केलीस तेव्हाच दिसली. पण बोट लावून झालं होतं. सगळे बघत होते. लावलेलं बोट मी कधी मागं घेतलं नव्हतं."

तिला वाटलं, आता आपल्याला संताप येईल. इतका वेळ तो तिने साठवून ठेवला होता. पण संतापाला पुढे व्हायला वाटच नव्हती. मध्ये ती स्वतः उभी होती. तिने सांगितलं, "मलाही दिसली होती, तात्या. मी ती रस्त्यावर ओतली आणि गाडीत बसले."

मग दोघं आत गेली. हौसाक्कांच्या खाटेभोवती गावची माणसं होती. तात्यांनी त्या सगळ्यांसमोर, एकही शब्द न गाळता, सकाळचं सगळं सांगितलं. स्वतःला काय दिसलं आणि आपण ते का कबूल केलं नाही, तेही सांगितलं. त्यांचं झाल्यावर संयोगिताने तिचं सांगितलं. तिने तात्यांवर काही ढकललं नाही आणि स्वतःचंही काही राखून ठेवलं नाही.

हौसाक्कांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. दोघांकडे त्या आळीपाळीने बघत राहिल्या. माणसांना वाटलं, त्या आता माफ केलं म्हणतील. अशा वेळी मोठी माणसं तसं म्हणतात.

"मला देव दिसायचा राहिला," हौसाक्का म्हणाल्या. "आणि तुम्हा दोघांना पाणी दिसलं होतं."

एवढं बोलून त्यांनी मास्क पुन्हा लावला आणि तोंड भिंतीकडे केलं.

तात्पर्य: परक्या मुलखात आपली जुनी पारख पुरतेच असं नाही, म्हणून तिथल्या माणसांची रीत आधी समजून घ्यावी, आणि धोका दिसला तर तो समोर कितीही मोठा माणूस असला तरी मोठ्याने सांगावा, कारण मानासाठी न ऐकणारा आणि मान राखायला गप्प बसणारा, या दोघांच्या चुकीचा भोग तिसऱ्याच्याच वाट्याला येतो.